जगातली सगळ्यात उंच पायरी

उंच जागेची मला भीती वाटते. चौथ्या मजल्याच्या गच्चीवरून खाली वाकून बघायचं म्हटलं तरी तळपाय शिवशिवायला लागतात. आणि तरीही (किंवा त्यामुळेच, कोण जाणे) उंचावरून उड्या मारणाऱ्या माणसांबद्दल हाताला लागेल ते मी वाचत आलोय. त्यामुळे १४ ऑक्टोबर २०१२ च्या रविवारी रात्री मी कॉम्प्युटरसमोर बसून होतो हे ओघानंच आलं. फेलिक्स बाउमगार्टनर नावाचा ऑस्ट्रियन माणूस न्यू मेक्सिकोतल्या रॉसवेलवरून फुग्यात बसून ३९ किलोमीटर वर गेला आणि तिथून त्यानं खाली उडी मारली. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिलं असेल.

पण माझं लक्ष उडी मारणाऱ्यापेक्षा खालून त्याच्याशी बोलणाऱ्या आवाजाकडे जास्त होतं. एक म्हातारा माणूस अगदी शांतपणे एकेक सूचना वाचून दाखवत होता. हे कर, झालं का सांग, आता ते कर. घरातलं वडीलधारं माणूस गाडी शिकवताना बोलतं ना, तसं. त्या म्हाताऱ्याचं नाव जोसेफ किटिंजर. वय ८४. बावन्न वर्षांपूर्वी हाच उद्योग त्यानं स्वतः केला होता, आणि तेव्हा त्याला असं समजावून सांगायला आधी जाऊन आलेलं कुणीच नव्हतं.

त्याची गोष्ट सांगायचीय. पण जरा मागून सुरुवात करावी लागेल.

माणूस फुग्यातून वर जायला लागला तो १७८३ साली. चौदा वर्षांनी, २२ ऑक्टोबर १७९७ ला, आंद्रे-जाक गार्नरँ यानं पॅरिसमध्ये फुग्यातून पॅराशूटनं उडी मारली. त्याच्या छत्रीला वर भोक नव्हतं, त्यामुळे हवा कडेनं निसटायची आणि तो घड्याळाच्या लंबकासारखा झोके खात खाली आला. जगला. पुढची शंभर वर्षं हा प्रकार मुख्यतः जत्रेतला खेळ म्हणून चालला.

शास्त्रासाठी वर जाणारे वेगळे होते. ५ सप्टेंबर १८६२ ला जेम्स ग्लेशर आणि हेन्री कॉक्सवेल हे दोघं इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनवरून उडाले. उघडी टोपली, प्राणवायू नाही, अंगात साधे गरम कपडे. सोबत काही उपकरणं आणि सहा कबुतरं. एव्हरेस्टच्या उंचीच्या आसपास पोचल्यावर ग्लेशरचे हात हलेनात, मग दिसेना, मग तो बेशुद्ध पडला. गॅस सोडायची दोरी गुंतली होती. कॉक्सवेल टोपलीवरच्या कड्यावर चढला, पण थंडीनं त्याचीही बोटं निकामी झाली होती. शेवटी त्यानं ती दोरी दातात धरून ओढली. ग्लेशर शुद्धीवर आला तो लगेच नोंदी करायला लागला! अशी माणसं.

तेरा वर्षांनी, १८७५ च्या एप्रिलमध्ये, ‘झेनिथ’ नावाच्या फुग्यातून तीन फ्रेंच माणसं गेली. यांच्याकडे प्राणवायूच्या पिशव्या होत्या, अगदी हाताशी. पण विरळ हवेची गंमत (गंमत कसली म्हणा) अशी की तिथे माणसाला गुदमरल्यासारखं होत नाही. उलट बरं वाटायला लागतं, कशाची फिकीर राहत नाही. पिशवी घ्यायला हवी हे कळतं, पण हात उचलावासा वाटत नाही. उचलावासा वाटतो तेव्हा उचलत नाही. फुगा खाली आला तेव्हा तिघांपैकी दोघं मेलेले होते. वाचलेला गास्तों तिसांदिए बहिरा झाला.

१९१२ साली व्हिक्टर हेस फुग्यातून सव्वापाच किलोमीटर वर गेला आणि तिथे किरणोत्सर्ग वाढतो असं त्याला आढळलं. विश्वकिरणांचा शोध तो हाच. पुढे १९३६ मध्ये त्याला त्याबद्दल नोबेल मिळालं. १९२७ मध्ये अमेरिकेचा हॉथॉर्न ग्रे ४२ हजार फुटांवर पोचला, पण तोही खाली आला तो मेलेलाच. उघड्या टोपलीतून यापुढे जाता येणार नाही हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

उत्तर शोधलं ऑगस्त पिकार या स्विस प्राध्यापकानं. (टिनटिन वाचणाऱ्यांनो, प्रोफेसर कॅलक्युलस याच्यावरूनच काढलाय!) पिकारनं ॲल्युमिनियमचा हवाबंद गोळा बनवला आणि २७ मे १९३१ ला जर्मनीतल्या ऑग्सबर्गवरून पॉल किप्फर या सहायकाबरोबर तो वर गेला. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट म्हणून उलट्या टोपल्या, आत उश्या. त्यांचा तो फोटो कधीतरी जरूर बघा, बाजारातून येताना पावसात सापडलेल्या माणसांसारखे दिसतात. वर गेल्यावर गोळ्याला गळती आहे असं कळलं. पिकारनं व्हॅसलीन आणि तागाचा चोथा एकत्र करून भोक बुजवलं. गोळ्याची एक बाजू काळी आणि एक पांढरी होती, म्हणजे गरम व्हायचं असेल तर काळी बाजू सूर्याकडे फिरवायची. फिरवायची मोटर बंद पडली, काळी बाजू उन्हात राहिली आणि बाहेर जीवघेणी थंडी असताना हे दोघं आत उकडून निघाले. तहान लागली म्हणून भिंतीवर जमलेलं दव चाटलं. खाली यायची दोरीही अडकली होती, त्यामुळे संध्याकाळी गॅस थंड होईपर्यंत वाट बघण्यावाचून इलाज नव्हता. खाली लोकांनी त्यांची आशा सोडलेली, आणि हे ऑस्ट्रियातल्या एका हिमनदीवर उतरलेले. १५,७८१ मीटर! स्थितांबरात जाऊन जिवंत परत आलेली पहिली माणसं.

आता पन्नासचं दशक. जेट विमानं आली आणि एक नवीनच प्रश्न उभा राहिला. वैमानिकाला फार उंचावर विमान सोडायची वेळ आली तर त्यानं करायचं काय? म्हणजे बघा, बाहेर पडल्या पडल्या पॅराशूट उघडलं तर तो तरंगत तरंगत इतका वेळ वर राहणार की थंडीनं किंवा प्राणवायू संपून मरणार. शिवाय विरळ हवेत वेग जास्त असल्यानं छत्री उघडतानाचा झटकाही जबर बसतो. मग छत्री न उघडता दाट हवेपर्यंत नुसतं पडत राहावं म्हटलं, तर तिथे दुसरंच संकट. विरळ हवेत शरीराला आधार देईल असं काही नसतं, हातपाय हलवून तोल सावरता येत नाही. शरीर आडवं होऊन चक्रीसारखं फिरायला लागतं. फुग्यातून माणसाएवढे पुतळे टाकून पाहिले तेव्हा त्यातले काही मिनिटाला दोनशे फेरे घेत होते. जिवंत माणूस असता तर रक्त डोक्यात चढून केव्हाच मेला असता.

या पुतळ्यांची एक उपकथा आहे. १९४७ मध्ये याच रॉसवेलजवळ ‘उडती तबकडी’ पडली अशी अफवा उठली होती. प्रत्यक्षात तो होता एका गुप्त प्रकल्पाचा फुगा. पुढे लोकांनी परग्रहवासीयांची प्रेतं पाहिल्याचंही सांगितलं, आणि १९९७ मध्ये अमेरिकी हवाई दलानं अहवाल काढून खुलासा केला की ती प्रेतं म्हणजे आमचे पुतळे. पण पुतळे पडले ते पन्नासच्या दशकात, आणि तबकडी १९४७ ची! लोक वर्षांची गल्लत करतात असं हवाई दलाचं म्हणणं. खरंही असेल, पण ते ऐकून कुणाचं समाधान झालं नाही.

असो. हे सगळं जिथे चाललं होतं त्या हॉलोमन तळावर जॉन पॉल स्टॅप नावाचा डॉक्टर होता. रॉकेटच्या घसरगाडीवर स्वतःला बांधून ताशी हजार किलोमीटरवर जाणारा आणि मग सव्वा सेकंदाच्या आसपास थांबणारा. त्याच्या डिसेंबर १९५४ च्या त्या फेरीच्या वेळी वरून विमानातून जो वैमानिक पाठलाग करत होता तो म्हणजे आपला किटिंजर. स्टॅपला धाडसी माणसं आपोआप सापडत असावीत.

जून १९५७ मध्ये किटिंजर ‘मॅनहाय’ प्रकल्पाच्या फुग्यातून, बंद डब्यात बसून, ९६ हजार फुटांवर गेला. प्राणवायू अपेक्षेपेक्षा फार लवकर संपत होता आणि रेडिओवर त्याला बोलता येत नव्हतं, फक्त कट्‌ कट्‌ करून मोर्स पाठवता येत होतं. खालून हुकूम गेला, ताबडतोब खाली ये. वरून मोर्समध्ये उत्तर आलं, ‘या आणि घेऊन जा.’ खालच्यांची पाचावर धारण बसली. त्यांना वाटलं याला उंचीची भूल पडली. तो चेष्टा करत होता.

मग आला ‘एक्सेल्सियर’. पॅराशूटचा तंत्रज्ञ फ्रान्सिस बोप्रे यानं युक्ती काढली होती. मोठी छत्री उघडायच्या आधी एक अगदी छोटी छत्री, जेमतेम सहा फुटांची. ती माणसाला थांबवत नाही, नुसती मागून धरून सरळ ठेवते, पतंगाच्या शेपटीसारखी. फिरणं थांबतं, पडणं चालू राहतं. खाली दाट हवा आली की मग २८ फुटांची मोठी छत्री. कल्पना इतकी साधी की ऐकून वाटतं, यात काय विशेष? पण ती खरंच चालते हे दाखवायला कुणीतरी उडी मारायला हवी होती.

पहिली उडी १६ नोव्हेंबर १९५९, ७६,४०० फुटांवरून. डब्यातून उठताना किटिंजरला धडपड करावी लागली आणि त्यातच छत्रीच्या टायमरची दोरी आधीच ओढली गेली. उडी मारून दोन-अडीच सेकंद होतात न होतात तोच छोटी छत्री बाहेर आली. एवढ्यात वेग नाही, त्यामुळे ती फुलली नाही, दोऱ्या त्याच्या गळ्याभोवती गुंडाळल्या गेल्या. तो गरगर फिरायला लागला, मिनिटाला १२० फेरे. शुद्ध हरपली. ज्या प्रकारे मरू नये म्हणून हा सगळा खटाटोप, नेमका त्याच प्रकारे मरायची वेळ. ठरलेल्या उंचीवर आपोआप उघडणारी राखीव छत्री होती म्हणून वाचला. ती सुद्धा आधी गुंतलीच, पण असं होऊ शकतं हे बोप्रेनं आधीच गृहीत धरलं होतं. गुंता झाला तर ताणानं तुटेल अशी दोरी त्यानं लावून ठेवली होती. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातला माझा आवडता माणूस हा बोप्रे. खाली उभा राहून, काय काय बिघडू शकेल याची यादी मनात करत बसलेला.

चार आठवड्यांच्या आत किटिंजर पुन्हा वर गेला, ७४,७०० फुटांवर. या वेळी सगळं ठीक झालं.

तिसरी उडी १६ ऑगस्ट १९६० ची. उघडा डबा, दाराशी पाटी: जगातली सगळ्यात उंच पायरी. अंगावर दाबाचा सूट आणि इतकी उपकरणं की ओझं जवळजवळ त्याच्या स्वतःच्या वजनाएवढं. १९ किलोमीटरच्या वर हवेचा दाब इतका कमी होतो की शरीराच्या तापमानाला पाणी उकळतं, त्यामुळे तिथे सूट म्हणजेच जीव. आणि वर जात असताना, चाळीस हजार फुटांच्या थोडं पुढे, त्याच्या लक्षात आलं की उजव्या हातमोज्यात दाब भरत नाहीये.

त्यानं खाली सांगितलं नाही. सांगितलं असतं तर स्टॅपनं त्याला परत बोलावलं असतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. हात सुजत गेला, दुप्पट झाला, दुखून दुखून निकामी झाला. दीड तासांनी फुगा १,०२,८०० फुटांवर पोचला. तिथे हवा जमिनीवरच्या एक टक्का. वर आकाश काळं. त्यानं तिथे बारा मिनिटं काढली, मग मोज्याचं सांगून टाकलं (आता परत बोलावून उपयोग नव्हता), देवाचं नाव घेतलं आणि पायरी उतरला.

पडताना वाऱ्याचा आवाज नाही, कपडे फडफडत नाहीत. आपण पडतोय असं त्याला वाटेचना. अंग वळवून पाठीवर झाला तर फुगा वर वर सुसाट चाललेला दिसला, म्हणजे पडत होता तो स्वतः. छोट्या छत्रीनं त्याला सरळ धरून ठेवलं. वेग ताशी ९८८ किलोमीटरपर्यंत गेला, बाहेर उणे ७० अंश. ४ मिनिटं ३६ सेकंद तो पडत होता, मग साडेसतरा हजार फुटांवर मोठी छत्री उघडली. जमिनीवर आला तेव्हा उडीला पावणेचौदा मिनिटं झाली होती. काही तासांत हात पूर्ववत झाला. दोन आठवड्यांनी ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याच्या उडीचा फोटो आला.

हे सगळं वाचताना मी दरवेळी त्या हातमोज्यापाशी अडकतो. सूट फाटला असता, हात कायमचा गेला असता, किंवा दुखण्यानं तो वर बेशुद्ध झाला असता, तर आज आपण काय म्हटलं असतं? उतावळेपणा. शिस्तभंग. हात वाचला म्हणून आपण त्याला धाडस म्हणतो. माझा कल अजूनही किटिंजरच्या बाजूनंच आहे, पण तो का आहे हे मला नीट सांगता येत नाही. कारण ज्यांचं असंच काहीतरी छोटंसं बिघडलं आणि जे वाचले नाहीत, त्यांची नावं आपल्याला ठाऊकही नसतात.

व्हिक्टर प्रॅथर हा अमेरिकी नौदलाचा डॉक्टर. ४ मे १९६१ ला माल्कम रॉसबरोबर तो मेक्सिकोच्या आखातात ‘अँटिएटम’ या जहाजावरून फुग्यात वर गेला. १,१३,७४० फूट, म्हणजे किटिंजरपेक्षाही उंच. नौदलाचा नवा सूट तपासायचा होता. उड्डाण उत्तम झालं, दोघं ठरल्याप्रमाणे समुद्रात उतरले. उतरताना प्रॅथरनं मोकळी हवा घ्यायला हेल्मेटची काच उघडली होती. हेलिकॉप्टरच्या हुकावरून तो पाण्यात घसरला, उघड्या काचेतून सूटमध्ये पाणी शिरलं आणि तो बुडाला. ३४ किलोमीटरवर ज्या सूटनं त्याला जगवलं त्याच सूटनं त्याला समुद्राच्या पृष्ठभागावर बुडवलं. दुसऱ्या दिवशी, ५ मे ला, ॲलन शेपर्ड अमेरिकेचा पहिला अंतराळवीर झाला. त्याच्या अंगात त्याच जातीचा सूट होता. वर्तमानपत्रांतली जागा कुणाला मिळाली असेल हे सांगायला नको.

१ नोव्हेंबर १९६२ ला सोव्हिएत संघातल्या वोल्स्कवरून येव्गेनी आंद्रेयेव आणि प्योत्र दोल्गोव ‘व्होल्गा’ फुग्यातून गेले. आंद्रेयेवनं २५ किलोमीटरवरून उडी मारली, छोटी छत्रीसुद्धा न वापरता, आणि सुखरूप उतरला. दोल्गोव आणखी वर, २८ किलोमीटरच्या पलीकडे गेला. बाहेर पडताना त्याच्या हेल्मेटची काच डब्याला आपटली. बारीकसा तडा. पॅराशूटनं तो व्यवस्थित खाली आला, पण मेलेला.

आणि निक पियान्टानिडा. न्यू जर्सीतला ट्रक ड्रायव्हर. ना सैन्यात, ना शास्त्रज्ञ. डोक्यात शिरलं की हा विक्रम आपण करायचा. फेब्रुवारी १९६६ मध्ये तो १,२३,५०० फुटांवर पोचलासुद्धा! पण डब्याला जोडलेली प्राणवायूची नळी त्याला सोडवता येईना. एवढ्या वर जाऊन, दारात उभं राहून, एका जोडणीपायी उडी नाही. डब्यातच बसून खाली यावं लागलं. मे महिन्यात पुन्हा गेला, तेव्हा सत्तावन्न हजार फुटांवर त्याच्या सूटमधला दाब गेला. डबा तोडून खाली आणला, तो जिवंत होता पण मेंदू गेला होता. ऑगस्टमध्ये वारला.

किटिंजर पुढे व्हिएतनाममध्ये लढला, मे १९७२ मध्ये त्याचं विमान पाडलं गेलं, अकरा महिने युद्धकैदी होता. सुटून आल्यावर काय करावं? १९८४ मध्ये एकटाच फुग्यातून अटलांटिक ओलांडून इटलीत उतरला! डिसेंबर २०२२ मध्ये, ९४ व्या वर्षी तो गेला. बाउमगार्टनरनं २०१२ मध्ये छोट्या छत्रीशिवाय उडी मारली. मध्येच तो गरगरायला लागला तेव्हा माझा जीव घशाशी आला होता, कारण डोळ्यांसमोर ते पुतळे होते. तो सावरला. पुढे जुलै २०२५ मध्ये इटलीत पॅराग्लायडिंगच्या अपघातात तो गेला. २०१४ मध्ये ॲलन युस्टेस आणखी वरून, ४१ किलोमीटरवरून उतरला, फारसा गाजावाजा न करता. त्यानं मात्र छोटी छत्री वापरली. लढाऊ विमानातून आसनासकट बाहेर फेकल्या जाणाऱ्या वैमानिकालासुद्धा आज तशीच छोटी छत्री आधी सावरते.

राहता राहिले फुगे. ते आपल्याकडेही उडतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं फुग्यांचं केंद्र १९६९ पासून हैदराबादला आहे. डॉ. जयंत नारळीकरांनी २००१ मध्ये आणि पुन्हा २००५ मध्ये तिथूनच फुगे सोडून ४१ किलोमीटरपर्यंतच्या हवेचे नमुने आणवले होते, तिथे काही जिवंत सापडतं का बघायला. २००५ च्या नमुन्यांत, हैदराबाद आणि पुण्याच्या प्रयोगशाळांच्या तपासणीत, जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. त्यांना नावं दिली ती फ्रेड हॉईल, इस्रो आणि आर्यभट यांच्यावरून. ते पृथ्वीबाहेरून आले हे मात्र सिद्ध झालं नाही.

हे फुगे वाऱ्याबरोबर पश्चिमेकडे वाहत येतात, आणि उपकरणांचे डबे पॅराशूटला लटकून कधी कधी आपल्या सोलापूर-लातूर-नांदेडकडे उतरू शकतात. म्हणून उड्डाणांच्या आधी वर्तमानपत्रांत सूचना येते. डिसेंबर २०२२ मध्ये याच केंद्रावरून सोडलेली एका स्पॅनिश कंपनीची चाचणीची कुपी तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यात शेतात उतरली, आणि उडती तबकडी आली म्हणून गाव लोटलं. सूचनेत मात्र सगळं अगदी सरळ लिहिलेलं असतं. डबा सापडला तर उघडू नका, आत विजेचा जबर दाब असू शकतो. हलवू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. योग्य ते बक्षीस आणि आलेला खर्च मिळेल.